दुखत नाही तेव्हाच तपासून घ्या



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की वस्तीवस्तीतल्या विहारांत संध्याकाळी धम्मग्रंथाचे वाचन सुरू होते. पांढऱ्या साड्या नेसून आया-बहिणी येतात, पुरुष थोडे कमी येतात, पोरे दाराशी घुटमळतात. तीन महिने रोज इतकी माणसे एका छताखाली शांत बसतात, अशी दुसरी जागा वस्तीत नाही. सरकारी दवाखान्याला तर अशी जागा शोधूनही मिळत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही कॅन्सरच्या तपासणीचा विषय घेतला आहे, आणि तो विहारातच बोलला जावा असे आमचे म्हणणे आहे. ‘त्याचे नाव काढू नये’ असे म्हणणारी माणसे आपल्यात अजून आहेत. नाव घेतल्याने आजार घरात येतो ही समजूत १९५६ साली मागे टाकलेल्या गाठोड्यातच राहायला हवी होती.

गल्लीत फिरताना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो : कॅन्सर कोणाला होतो? मिश्री लावणारी मावशी म्हणते, गुटखा खाणाऱ्या पोरांना. गुटखा खाणारा पोरगा म्हणतो, दारू आणि सिगारेट दोन्ही असेल त्याला, मी तर माळकऱ्यासारखा आहे. पन्नाशीच्या पुढची बाई म्हणते, माझी पाळी जाऊन वर्षे झाली, आता तिथे काय व्हायचे राहिले? कंपनीत नोकरीला लागलेली मुलगी म्हणते, आमच्या घराण्यात कोणाला नव्हता. आणि पुरुष म्हणतात, तो बायकांचा आजार. प्रत्येकाचे बोट शेजारच्या दाराकडे. धोका कोणाला, हे आपण सगळ्यांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकले आहे.

आता सरकारी कागद काय म्हणतो ते पाहा. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, असे हे तीन कॅन्सर. देशातल्या एकूण कॅन्सर रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश या तिघांचे. तिन्ही लवकर सापडू शकतात, आणि त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. केंद्र सरकारने २०१६ सालीच नियम काढला की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी : तोंडाची सगळ्यांची, बाकी दोन बायकांच्या. त्यानंतर २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली का? पिशवीच्या तोंडाची झाली असे सांगणाऱ्या १.९ टक्के. स्तनांची ०.९ टक्के. तोंडाची ०.९ टक्के. पुरुषांत तोंडाची १.२ टक्के. म्हणजे शंभर माणसांत दोनसुद्धा नाहीत. वस्तीतला आकडा यापेक्षा चांगला असेल असे मानायला आम्हाला तरी काही कारण दिसत नाही.

मिश्रीबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण तिच्याकडे कोणी व्यसन म्हणून पाहतच नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू म्हणजे मिश्री. भाजल्याने तिचे विष जळून जात नाही. सासू लावते म्हणून सून लावते, दात दुखला म्हणून पोरीच्या हिरडीला कोणीतरी चिमूटभर चोळते, आणि ती चिमूट चाळीस वर्षे सुटत नाही. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. बाई विडी ओढत नाही, चारचौघांत पुडी फाडत नाही, म्हणून हा आकडा आपल्या डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

‘मिश्री सोडा’ असे सांगून मोकळे होणाऱ्या डॉक्टरांवर आमचा थोडा राग आहे. बाई मिश्री का लावते ते आधी विचारा. पहाटे उठून सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहायचे, नंबर आला की दोन मिनिटांत उरकायचे, नाहीतर मागचे दार वाजवतात. मिश्री लावली की पोट लवकर साफ होते. चार घरची धुणीभांडी करून दुपारी दोनला पहिला घास मिळतो. मिश्री लावली की भूक मरते. संडास आणि जेवणाची वेळ हे दोन्ही प्रश्न तसेच ठेवून नुसती डबी हिसकावली तर डबी दुसऱ्या दिवशी परत येते. दिवसातून पाच वेळा लावत असाल तर पहिल्या आठवड्यात चार करा, रात्रीची आधी बंद करा, सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी प्या. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी क्रमांक पुडीवरच छापलेला असतो, फोनला पैसे लागत नाहीत. पण सुटो न सुटो, तोंड मात्र दाखवा. सुटली नाही म्हणून लाजेने दवाखान्यात न जाणारी बाई आम्हाला सगळ्यात जास्त भेटते.

तोंड घरीही पाहता येते. आरसा घ्या, मोबाइलची बॅटरी लावा, गाल बोटाने बाहेर ओढा, जीभ वर करा, मिश्री जिथे लावता ती हिरडी आणि ओठाची आतली बाजू नीट पाहा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट खाताना होणारी आग. हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का तेही पाहा. जात नसतील तर सुपारीने तोंड आवळायला सुरुवात केली आहे. हो, सुपारीने. गुटख्यात तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कॅन्सर करते. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ ही पळवाट इथेच बंद होते.

पुरुषांचा विषय निघालाच आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी लटकलेली आहे. दोन्ही तोंडात मिसळल्या की झाला गुटखा. नागपूरकडे खर्रा, इकडे मावा, नाव काहीही घ्या. नाक्यावर कामासाठी उभा राहणारा माणूस, रंगकाम करणारा, गटारात उतरणारा सफाई कामगार, रात्रपाळीचा वॉचमन, यांना तो लागतो, कारण कामच तसे आहे. गटाराचा वास सहन करायला तोंडात काहीतरी धरावे लागते, असे सफाई कामगार बंधू सांगतात तेव्हा आमच्याकडे पटकन उत्तर नसते. पण तपासणीच्या यादीत हेच पुरुष नसतात. आशाताई येते तेव्हा ते कामावर, आणि दवाखाना बंद होतो तेव्हा ते घरी.

आणि आपल्या जयंती मंडळांचे काय? बॅनरवर बाबासाहेब, बॅनरखाली उभे असलेल्या दहा कार्यकर्त्यांपैकी सहांच्या गालात मावा. पाचव्या शीलात दारू येते, तंबाखू येत नाही, असा युक्तिवाद आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. त्यांना एवढेच सांगू की तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून कितीतरी पटीने वाढतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळ आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ साली हे प्रसिद्ध झाले. हातात बॅटरी आणि डोळ्यांत नजर, बाकी काही नव्हते. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती बॅटऱ्या येतात याचा हिशेब मंडळांनी करावा.

आता पिशवीचा विषय. इथे जरा स्पष्ट बोलावे लागेल. या कॅन्सरचे कारण म्हणजे एचपीव्ही नावाचा विषाणू. तो शरीरसंबंधातून येतो, आणि म्हणून ‘बाई वाईट चालीची’ असा शिक्का मारला जातो. हे साफ खोटे आहे. हा विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात कधी ना कधी येतो आणि आपोआप निघून जातो. आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो मिळतो, तिच्या नवऱ्याकडून. काही बायकांत तो ठाण मांडतो, आणि पुढे दहा-पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. म्हणजे त्याला पकडायला आपल्याकडे भरपूर वर्षे असतात. तरीही देशात दरवर्षी सुमारे ८० हजार बायका या एका कॅन्सरने मरतात. पाळी गेल्यावर धोका संपत नाही, उलट मधल्या वर्षांत ज्याकडे पाहिले नाही ते तेव्हा वर येते. पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसले, संबंधानंतर रक्त गेले, अंगावरून वास येणारे पाणी जाते, तर पाच वर्षांच्या तपासणीची वाट न पाहता लगेच जा. एचआयव्ही असलेल्या बहिणींना हा धोका सहापट असतो. त्यांनी तिशीचीही वाट पाहू नये, पंचविशीपासून तपासणी घ्यावी.

गरीब बाईला कॅन्सरची तपासणी मिळत नाही, कॅन्सरची भीती मात्र भरपूर मिळते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचे प्रकरण २०१९ साली उघड झाले. पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांना विचारले, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगून ऐन तिशीतल्या बायकांची ऑपरेशने झाली. साधी तपासणी करून पांढऱ्या पाण्यावर गोळ्या देता आल्या असत्या. पाळीचे चार दिवस मुकादम खाडा लावतो, कर्ज काढून ऑपरेशन होते, आणि ते फेडायला पुन्हा उसाच्या फडात जावे लागते. म्हणून आमचे सांगणे : कोणी पिशवी काढायला सांगितली तर आधी तपासणीचा कागद मागा, आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

तपासणी कशी असते? पायऱ्या-पायऱ्यांनी सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. टेबलावर झोपायचे, सिस्टर योनिमार्गात एक लहान उपकरण घालून पिशवीचे तोंड पाहतात. त्यावर पातळ ॲसिटिक ॲसिड कापसाने लावतात. चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरचाच तो भाऊ. मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला तर पुढच्या तपासणीला पाठवतात, नाही उमटला तर घरी. थोडे चुरचुरते, टाके नाहीत, भूल नाही. डाग उमटला म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. बहुतेक वेळा तो कॅन्सरच्या आधीचा बदल असतो किंवा नुसती सूज. तो बदल त्याच वेळी काही मिनिटांत उष्णतेने किंवा गारठवून काढून टाकता येतो.

ही गोष्ट कोणाच्या अंगावर सिद्ध झाली ते वस्तीतल्या लोकांना माहीत असायला हवे. १९९८ पासून टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांचे २० भाग घेतले, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. दहा भागांत दर दोन वर्षांनी तपासणी केली, चार वेळा. तपासणाऱ्या कोणी मोठ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१४ साली छापून आले. त्याच बायकांच्या स्तनांचीही हाताने तपासणी झाली होती, तिचा निकाल २०२१ साली आला : पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे ‘आता माझे काय राहिले’ म्हणणाऱ्या ज्या मावशीला आपण घरी ठेवून सुनेला दवाखान्यात पाठवतो, तपासणीचा सगळ्यात जास्त फायदा त्याच मावशीला होता.

उरलेल्या दहा भागांतल्या बायकांना माहिती दिली, तपासणी दिली नाही. तुलना करायला कोणीतरी हवे म्हणून. यावर पुढे बरीच टीका झाली आणि आमच्या मते ती योग्यच होती. पण आमचे भांडण आजचे आहे. वस्तीतल्या बायकांच्या अंगावरून ज्ञान घेतले, ते जगभर पोचले, आणि २०१९ ते २०२१ च्या सर्वेक्षणापर्यंत देशात शंभरात दोन बायकांचीही तपासणी झालेली नव्हती. हे ज्ञान व्याजासकट परत मागायचा हक्क आपला आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, खेड्यांतही असाच मोठा अभ्यास झाला. २००९ साली आलेल्या त्याच्या निकालात एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा झालेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसिटिक ॲसिडच्या एकाच फेरीने मात्र तिथे तेवढा फरक पडला नाही. आता या एचपीव्ही तपासणीचा नमुना बाई पडद्याआड स्वतःच घेऊ शकते, टेबलावर झोपायची गरज नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मान्यता आहे. लाजेमुळे न येणाऱ्या बायकांसाठी यापेक्षा चांगली सोय कोणती? ती वस्तीच्या दवाखान्यात फुकट मिळावी ही मागणी महिला मंडळांनी लेखी करावी. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी लसही आहे, पुण्यात बनते. ती लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी लागतेच.

स्तनांबद्दल थोडक्यात. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि आपल्याकडे न दुखणाऱ्या गोष्टीला आजार म्हणतच नाहीत. गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, काखेत गोळा : यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. लेप, अंगारा, महिनाभर वाट पाहणे, काही नको.

नोकरी करणाऱ्या आपल्या लेकी-लेकांना एक सूचना. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती पाहून तीन-चार हजार रुपये भरू नका. रक्तातून कॅन्सर शोधतो म्हणून ज्या चाचण्या त्यात घुसडलेल्या असतात, त्या धडधाकट माणसासाठी बनवलेल्याच नाहीत. त्यातून निष्कारण घाबरगुंडी उडते किंवा खोटा दिलासा मिळतो. तेवढ्या पैशांत आईला रिक्षाने दवाखान्यात घेऊन जा.

आता दवाखान्याबद्दल. आशाताई दारात येऊन एक फॉर्म भरतात, त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातले आजार असे प्रश्न, त्याचे गुण. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचे. फॉर्म चांगला आहे. पण कित्येक ठिकाणी फॉर्म भरला की काम झाले, तपासणी कोणी केलीच नाही, असे आम्ही पाहिले आहे. आशाताईंना दोष देऊ नका, त्यांना कामाच्या नगावर पैसे मिळतात आणि वरून आकडे मागतात. एका दवाखान्यात तपासणीच्या टेबलाला पडदा नव्हता. दुसरीकडे सगळ्या रांगेसमोर मोठ्याने आडनाव आणि वस्तीचे नाव विचारून, मग सिस्टरने हातमोजे दोनदा घातले. आमच्यातल्या काहींनी त्याच पांढऱ्या गणवेशात वर्षे काढली आहेत, त्यामुळे तो दुसरा हातमोजा कशासाठी होता हे आम्हाला कळते. अशा वेळी गप्प घरी येऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले, तेव्हा बाईची प्रकृती ही सरकारच्याही जबाबदारीची गोष्ट ठरली. तपासणी मागताना आपण भीक मागत नाही.

‘पण काही निघाले तर?’ हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारणारी बाई भित्री नसते. तिला घराचे काय होईल ते दिसत असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तरी गाडीभाडे, बुडालेली मजुरी, परळच्या फुटपाथवरच्या रात्री या योजनेत येत नाहीत. तिथे विहार समितीने उभे राहायचे. आजारी भिक्खूला बाकीच्यांनी टाकून दिले होते तेव्हा तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले-पुसले, ही गोष्ट आपण विहारात दरवर्षी ऐकतो. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही हे माहीत असूनही काही घरांत रुग्णाचे ताट वेगळे ठेवतात. वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला हवे का?

यंदा एवढे करून पाहा. विहारात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची एक यादी करा, पुरुषांसकट. तोंडाच्या तपासणीसाठी दवाखान्याच्या लोकांना रविवारी किंवा संध्याकाळी विहारातच बोलवा, म्हणजे नाक्यावरचे लोक सापडतील. पिशवीच्या तपासणीला आठ-दहा बायका मिळून दवाखान्यात जा, वारी आधी विचारून. पाळीचे दिवस टाळा, आदल्या दिवशी संबंध नको, आत कोणतेही औषध लावू नका. आधारकार्ड आणि रेशनकार्ड बरोबर असू द्या. तपासणी झाली की ‘सगळे ठीक आहे’ असे तोंडी ऐकून उठू नका. तपासणीचे नाव, तारीख, निकाल आणि सही कागदावर मागा, आणि पुढे पाठवत असतील तर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या दिवशी, कोणाला भेटायचे हेही लिहून घ्या. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, पाच वर्षांनी पुन्हा लागणार आहे.